आधी बाही बघा: आजोबांचा नेव्हीतला फोटो कसा वाचायचा

कोकणातल्या कितीतरी घरांत माजघराच्या भिंतीवर एक फोटो असतो. गोल टोपी, पाठीवर पडलेली रुंद कॉलर, छातीवर काळं रेशमी फडकं आणि स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभा असलेला विशी-बाविशीचा मुलगा. खाली नाव नाही, साल नाही. "आजोबा नेव्हीत होते" एवढं एक वाक्य घरात उरलेलं असतं आणि पुढच्या पिढीत तेही उरत नाही.

आमच्याकडे आईच्या वडिलांचा असा फोटो आहे. सगळे नातेवाईक त्यांना 'कप्तान' म्हणायचे आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. पुष्कळ वर्षांनी मी तो फोटो भिंगाखाली धरला, तेव्हा उजव्या बाहीवर तीन पात्यांचा पंखा दिसला. हा पंखा म्हणजे जहाज ढकलणारा प्रोपेलर, स्टोकरची खूण. आजोबा बॉयलर रूममधले होते, जहाजाच्या पोटातले. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि पुरावा मात्र सत्तर वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला होता.

म्हणून माझं सांगणं एकच: चेहरा नंतर बघा, आधी बाही बघा. त्या काळच्या नेव्हीत कपड्यावरची एकही दोरी, पट्टी किंवा बटण उगाच नसे. माणूस काय काम करायचा, किती वर्षं केलं, कुठल्या हवामानात, कुठल्या सालाच्या आसपास, हे सगळं अंगावर लिहिलेलं असायचं. ते कुठल्या क्रमाने वाचायचं ते इथे नवख्यांसाठी सांगतो. काळ साधारण १९३४ ते १९६१ असा धरलाय. २ ऑक्टोबर १९३४ ला मुंबईत 'रॉयल इंडियन मरीन'ची 'रॉयल इंडियन नेव्ही' झाली, तिथपासून गोवा मुक्तीपर्यंत. या सगळ्या काळात आपला गणवेश ब्रिटिश नौदलाच्या धाटणीचाच होता, त्यामुळे इथल्या बहुतेक खुणा त्यांच्या फोटोंनाही लागू पडतात.

फोटोला हात लावण्याआधी

जुना फोटो काचेला चिकटला असेल तर तो सोलू नका. आमच्याच घरात एका काकांनी चुलत आजोबांचा फोटो फ्रेममधून ओढून काढला आणि नेमकी टोपीवरची अक्षरं काचेला चिकटून राहिली. आता त्या फोटोत टोपी आहे, तिच्यावर पांढरा ओरखडा आहे आणि जहाज कुठलं ते कधीच कळणार नाही. चिकटलेला असेल तर काचेसकट राहू द्या.

दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न मारता मोबाइलने जवळून फोटो घ्या. एक पूर्ण घ्या आणि मग तुकड्यातुकड्याने: टोपी, डावी बाही, उजवी बाही, छाती, मनगट, पाय. मागची बाजू सुटी असेल तर तीही घ्या. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, "मुंबई" किंवा "कराची" एवढा एक शब्दसुद्धा पुढे कामाला येतो. शोध कराचीपर्यंत गेला तर दचकू नका. फाळणीआधी नेव्हीची बरीच प्रशिक्षण केंद्रं तिथेच होती. पोरवयात भरती झालेल्यांना 'बहादूर' नावाच्या केंद्रात धाडत, तोफखान्याचं शिक्षण 'हिमालया'त मिळे.

आणखी एक बघून घ्या. निगेटिव्ह उलटी धरून छापलेले फोटो खूप सापडतात. टोपीवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर प्रश्नच मिटला. अक्षरं वाचता येत नसतील तर नांगर बघा. हुद्द्याचा नांगर डाव्या बाहीवर असतो (डावी म्हणजे फोटोतल्या माणसाची डावी). तो उजव्या बाहीवर दिसला तर फोटो उलटा छापलेला आहे, आधी मोबाइलमध्ये सरळ करून घ्या. नाहीतर पुढचं सगळं वाचन चुकतं.

नेव्ही की 'बोट'?

आपल्याकडे "बोटीवर होते" या दोन शब्दांत दोन वेगळी आयुष्यं मिसळून जातात. रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांतून, पिढ्यान्‌पिढ्या माणसं दर्यावर गेली. त्यांतली बरीच व्यापारी जहाजांवर गेली आणि थोडी लढाऊ जहाजांवर. सारंग, टंडेल, कसब, भंडारी ही बोटीवरच्या कामांची नावं घरच्या बोलण्यात येत असतील आणि पेटीत 'नळी' सापडली, तर बहुधा व्यापारी बोट समजावी. नळी म्हणजे खलाशाचा नोकरीचा दाखला. तो पत्र्याच्या नळीत घालून ठेवत, म्हणून दाखल्यालाच ते नाव पडलं. आधी ही फोड करून घ्या, कारण पुढे कागद शोधायच्या जागा पूर्ण वेगळ्या आहेत. लढाईत व्यापारी बोटींवरची माणसं कमी मेली असं मात्र कुणी समजू नये. पाणबुड्यांच्या टॉर्पेडोंनी कोकणातली शेकडो घरं उजाड केली.

अंगावर रुंद कॉलरीचा पोशाख आणि टोपीवर अक्षरांची फीत असेल, तर आपण नेव्हीतल्या माणसाकडे बघतोय असं धरून पुढे चला.

टोपी

गोल, बिनझापडीची टोपी आणि तिच्याभोवती काळी रेशमी फीत. फितीवर सोनेरी अक्षरं, गाठ डाव्या कानाकडे.

फितीवर नुसतं 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे राजाचं भारतीय जहाज) असून पुढे जहाजाचं नाव नसेल, तर फोटो बहुधा दुसऱ्या महायुद्धातला आहे. त्या वर्षांत जहाजाचं नाव लिहिणं बंद केलं होतं. बंदरावर उतरलेल्या खलाशाच्या कपाळावरून शत्रूच्या माणसाला कळायला नको की कोणतं जहाज आत आलंय. घरचे लोक हळहळतात की नाव नाही म्हणजे माहिती नाही. खरं तर नाव नसणं हीच तारीख आहे.

'एच.एम.आय.एस.' आणि पुढे नाव असेल, तर युद्धाच्या आधीचा किंवा नंतरचा. इथे एक चूक हमखास होते. लोक धरतात की १५ ऑगस्ट १९४७ ला सगळं बदललं. तसं नाही. प्रजासत्ताक होईपर्यंत नेव्ही 'रॉयल'च होती आणि जहाजांच्या नावांमागे 'एच.एम.आय.एस.'च लागत होतं. २६ जानेवारी १९५० पासून 'आय.एन.एस.' आलं. त्याच सुमारास बटणांवरचा आणि हुद्द्याच्या खुणांवरचा मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणून भिंगातून बटण बघा. मुकुट आणि सिंह यांची बाह्यरेषा बऱ्याचदा जुन्या फोटोतही वेगळी ओळखता येते.

गोल टोपीऐवजी झापडीची टोपी, कोट, शर्ट आणि टाय असेल, तर लगेच "ऑफिसर!" म्हणून नाचू नका. स्वयंपाकी, स्टुअर्ड, कारकून, भांडारातले आणि दवाखान्यातले कर्मचारी यांनाही झापडीची टोपी आणि टाय असे. त्यांच्या उजव्या बाहीवर चांदणी आणि चांदणीत इंग्रजी अक्षर असतं: 'सी' म्हणजे कुक, 'डब्ल्यू' म्हणजे रायटर. दवाखान्यातल्याला वर्तुळात लाल क्रॉस.

कॉलर, रेशीम आणि सात घड्या

खलाशाचा हा पोशाख चढवणं हा एक सोहळाच असे. तो समजला की फोटोतल्या माणसाची ऐट समजते. सगळ्यांत आत चौकोनी गळ्याचा पांढरा फ्लॅनेल, गळ्याला निळी किनार. मग पुढे झडप असलेली रुंद पायांची पॅंट. कॉलर जंपरला, म्हणजे वरच्या सदऱ्याला, शिवलेली नसते, ती सुटी असते. ती पाठीवर टाकायची, तिचे बंद कमरेभोवती गुंडाळून पुढे बांधायचे आणि त्यावरून घट्ट जंपर डोक्यातून ओढायचा. तो इतका घट्ट की काढताना मित्राची मदत लागे. मग कॉलर बाहेर काढून पाठीवर नीट पसरायची, काळं रेशीम गळ्याभोवती घेऊन छातीवर जंपरच्या फितीने बांधायचं, पांढरी दोरी कॉलरखालून आणायची आणि शेवटी टोपी.

कॉलरीच्या कडेला तीन पांढऱ्या रेघा असतात. त्या ब्रिटिश नौदलाचा सेनानी नेल्सन याच्या तीन विजयांच्या आणि काळं रेशीम त्याच्या सुतकाचं, असं तुम्हाला दहा जण सांगतील. दोन्ही दंतकथा आहेत. काळं रेशीम नेल्सन मरायच्या आधीपासून खलाशांच्या गळ्यात होतं आणि तीन रेघा १८५७ मध्ये गणवेशाचा नियम ठरला तेव्हा ठरल्या.

कॉलरीचा रंग मात्र नीट बघा. नवी कॉलर गडद निळी असते आणि धुऊन धुऊन फिकी पडते. फिकी कॉलर म्हणजे मुरलेला दर्यावर्दी. त्यामुळे नवी पोरं मुद्दाम कॉलर घासून घासून फिकी करत. एकाच फोटोत शेजारी शेजारी दोन कॉलरींचे रंग वेगळे दिसले तर कारण बहुधा हेच.

पॅंटला आपल्यासारखी उभी इस्त्री नसते. पायावर आडव्या घड्या दिसतात, उंच माणसाला सात आणि बुटक्याला पाच. "सात समुद्रांच्या सात घड्या" असं सांगतात. खरं कारण जागेचं आहे. पॅंट उलटी करून तळहाताएवढ्या रुंदीत आडवी दुमडली की ती लहानशा कपाटात सपाट बसते आणि बाहेरची बाजू स्वच्छ राहते. फोटोत या घड्या करकरीत दिसल्या तर समजा, पोराने फोटोसाठी ठेवणीतला जोड काढलाय.

कामाचा कपडा वेगळाच. जाडाभरडा निळा सुती कपडा जगभरचे खलाशी डंगरी म्हणून वापरत आले. तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तिथे विकला जाणारा स्वस्त कपडा जहाजांतून जगभर गेला आणि गावाचं नाव घेऊन गेला. कपडे धुण्याला ब्रिटिश खलाशी 'धोबी' म्हणत, तोही इथूनच उचललेला शब्द.

आता बाही

इथे घाई करू नका. डावी बाही हुद्द्याची, उजवी बाही कामाची.

डाव्या बाहीवर दोरी गुंडाळलेला एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन, साध्या खलाशाच्या वरची पायरी, किंवा त्याच्या बरोबरीचा. दोन आडवे-तिरपे नांगर आणि वर मुकुट, किंवा १९५० नंतर सिंह, म्हणजे त्याच्याही वरचा पेटी ऑफिसर. चीफ पेटी ऑफिसरच्या दंडावर हुद्द्याचा नांगर नसतोच. त्याची खूण मनगटावर: दोन्ही बाह्यांच्या टोकाशी तीन तीन बटणं. नवखा माणूस दंड रिकामा बघून "साधा खलाशी" म्हणतो आणि जहाजावरच्या सगळ्यांत मुरलेल्या माणसावर अन्याय करतो.

नांगराच्या खाली व्हीच्या आकाराच्या पट्ट्या असतात. या हुद्द्याच्या नाहीत. लष्करातल्या नाईक-हवालदाराच्या फितींची सवय असल्यामुळे सगळे इथे फसतात. या चांगल्या वर्तणुकीच्या पट्ट्या. युद्धकाळच्या ब्रिटिश नियमाप्रमाणे पहिली ३ वर्षांनंतर, दुसरी ८ आणि तिसरी १३ वर्षांनंतर. नांगर नाही पण तीन पट्ट्या आहेत असा माणूस दिसला, तर त्याने तेरा वर्षं डाग न लागता नोकरी केली आणि बढती मात्र मिळाली नाही किंवा घेतली नाही. अशा माणसाच्या घरच्यांना हे आवर्जून सांगा.

उजव्या बाहीवर कामाची खूण. तोफ म्हणजे तोफखाना. टॉर्पेडो म्हणजे टॉर्पेडो आणि त्याबरोबर जहाजाची वीज. दोन तिरपे झेंडे म्हणजे सिग्नलमन. पंख आणि विजेची रेघ म्हणजे टेलिग्राफिस्ट, बिनतारी यंत्रावर बसणारा. तीन पात्यांचा पंखा म्हणजे स्टोकर. खुणेच्या वर-खाली चांदणी किंवा मुकुट असेल तर त्या कामातली वरची पायरी गाठलेली.

रंगांचंही शास्त्र आहे. ठेवणीतल्या निळ्या पोशाखावर खुणा सोनेरी, रोजच्या निळ्यावर लाल, पांढऱ्या उन्हाळी पोशाखावर निळ्या. कृष्णधवल फोटोत लाल रंग जुन्या फिल्मवर जवळपास काळा उमटतो, म्हणून निळ्या कपड्यावरची लाल खूण दिसतच नाही. "बाही रिकामी आहे" असं म्हणण्याआधी मोबाइलमध्ये उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. आमच्या आजोबांचा पोशाख पांढरा होता म्हणून तो निळा पंखा ठळक उमटला. निळ्या पोशाखात फोटो काढला असता तर कदाचित ते आमच्यासाठी कायमचे कप्तानच राहिले असते.

ऑफिसर आणि महिला

ऑफिसरच्या मनगटावर सोनेरी पट्टे, सगळ्यांत वरच्याला वेटोळं. एक पट्टा सब-लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, दोनांत एक बारीक पट्टा लेफ्टनंट कमांडर, तीन कमांडर, चार कॅप्टन. पांढऱ्या पोशाखात हेच पट्टे खांद्यावर येतात. पट्टे सरळ की वेडेवाकडे हे बघायला विसरू नका. सरळ म्हणजे कायम नोकरीतला, एकमेकांत विणलेले म्हणजे रिझर्व्हचा, मूळचा व्यापारी जहाजावरचा. लाटांसारखे नागमोडी म्हणजे व्हॉलंटिअर रिझर्व्हचा, युद्धापुरता गणवेश चढवलेला कॉलेजातला किंवा कचेरीतला तरुण. पट्ट्यांमधली जागा पांढरी दिसली तर हिशेब-पुरवठ्याचा, करडी दिसली तर इंजिनिअर किंवा डॉक्टर असू शकतो. मूळ रंग जांभळा की लाल हे कृष्णधवल फोटोवरून ठरवायला जाऊ नका.

फोटोतली व्यक्ती आजी असेल तरी चकित होऊ नका. १९४४ पासून महिलांचं नौदल दल होतं आणि भारतीय स्त्रिया त्यात साडी नेसून काम करत. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये अभ्यासदौऱ्यावर ब्रिटनला गेल्या, तिथल्या गोदीतले त्यांचे साडीतले फोटो उपलब्ध आहेत. घरात साडीतला आणि झापडीच्या टोप्यांच्या घोळक्यातला फोटो असेल तर तो बाजूला टाकू नका.

जहाजावरचे फोटो: मागे काय दिसतंय?

स्टुडिओतला फोटो माणूस सांगतो, डेकवरचा फोटो त्याचा दिवस सांगतो. असा एखादा सापडला तर माणसांच्या मागची भिंत आणि डोक्यावरचं छत बघा.

छताला आकडे किंवा लोखंडी दांडे दिसले तर ती मेसडेक. तिथेच जेवायचं, तिथेच पत्र लिहायचं, तिथेच झोपायचं. प्रत्येकाला कॅनव्हासची झोळी, हॅमॉक. दोन झोळ्यांमध्ये जागा दीड ते पावणेदोन फूट. जहाज डोललं की सगळ्या झोळ्या एकाच लयीत डोलत, म्हणून पलंगावर झोपणाऱ्या ऑफिसरपेक्षा खलाशाला वादळात बरी झोप लागायची. पहाटे शिट्टी झाली की झोळी उतरवून, आत गादी-पांघरूण ठेवून, तिच्याभोवती दोरीचे सात फेरे घट्ट आवळायचे. ते सात फेरे सारख्या अंतरावर आले पाहिजेत, नाहीतर परत सोडा आणि परत बांधा. हा नुसता शिस्तीचा हट्ट नव्हता. घट्ट बांधलेली झोळी पाण्यात काही वेळ तरंगते आणि जहाजाला भोक पडलं तर तिथे कोंबायलाही उपयोगी पडते. फोटोच्या कोपऱ्यात उभ्या लोडांसारखं काही दिसलं तर त्या बांधलेल्या झोळ्या.

लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर भांड्यांची फळी: हे एका मेसचं घर. त्या पद्धतीत रोज एक-दोघांची पाळी. त्यांनी गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, जेवण वाहून आणायचं, वाढायचं, भांडी घासायची. खवळलेल्या समुद्रात डाळीचं भांडं घेऊन लोखंडी शिडी उतरणं म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांसमोर आणा.

फोटोत पितळी घंटा दिसली तर वेळेचं गणितही शिकून घ्या. दिवस चार-चार तासांच्या पहाऱ्यांत वाटलेला. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढत जाऊन चार तासांनी आठ होतात. संध्याकाळी ४ ते ८ चा पहारा मात्र दोन-दोन तासांचे दोन करतात. त्यामुळे दिवसाचे पहारे सहाऐवजी सात होतात आणि त्याच माणसावर रोज मध्यरात्री १२ ते ४ ची पाळी येत नाही. आजोबा म्हातारपणी रात्री बाराला आपसूक जागे व्हायचे असं घरात कुणी सांगत असेल, तर ती गोष्ट लिहून ठेवा.

सगळे अर्ध्या चड्डीत, उघडे किंवा बनियनवर दिसले तर हा बेशिस्तपणा नव्हे. मुंबई, एडन, इराणचं आखात या उन्हात पोलादी जहाज तव्यासारखं तापतं आणि आत वाऱ्याचा झोत सोडणाऱ्या नळ्यांपलीकडे काही नसे. उलट जाड टोपीचे कोट दिसले तर तेही नवल नाही. 'सतलज' आणि 'जमुना' ही आपली जहाजं १९४३ मध्ये सिसिलीच्या चढाईत होती आणि त्याआधी त्यांनी अटलांटिकही पाहिला. डोकं-मान झाकणारी पांढरी कुंची आणि पांढरे लांब हातमोजे घातलेली माणसं तोफेजवळ दिसली, तर ती स्फोटाच्या भडक्यापासून कातडी वाचवण्याची तयारी. असा फोटो बहुधा सरावाचा असतो. खऱ्या लढाईत कॅमेरा धरायला हात मोकळे नसत.

स्टोकरांचे कामावरचे फोटो फार क्वचित मिळतात. बॉयलर रूममध्ये उजेड नाही, जागा नाही, कॅमेरा न्यायची परवानगी नाही. तोवर कोळसा जाऊन तेल आलं होतं, त्यामुळे फावडं नव्हतं. पण भट्टीपुढे उभं राहून तेलाच्या फवाऱ्यांवर आणि पाण्याच्या पातळीवर नजर ठेवायची, वरून हुकूम आला की वाफ वाढवायची आणि धुराड्यातून काळा धूर जाऊ द्यायचा नाही, कारण काळा धूर मैलोन्‌मैल दिसतो. गळ्यात घाम पुसायचं फडकं. टॉर्पेडो लागला तर वर यायला एक शिडी. १९४२ च्या एप्रिलमध्ये 'इंडस' हे आपलं जहाज ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडवलं. अशा बातम्या खाली काम करणाऱ्यांना कळत होत्या आणि तरी चार तासांनी पुढची पाळी शिडी उतरत होती.

फोटो लपवलेला असेल तर

काही घरांत नेव्हीचा फोटो भिंतीवर नसतो, ट्रंकेच्या तळाशी असतो. त्यात साल १९४६ च्या आसपासचं निघालं तर जपून विचारा. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल केंद्रातल्या खलाशांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या, पगारातला भेद, हे तात्कालिक. मागे स्वातंत्र्याची हाक होती. दोन दिवसांत मुंबई बंदरातल्या जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरलं, २१ तारखेला कॅसल बॅरॅक्स या नौदलाच्या छावणीभोवती गोळीबार झाला, गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले, शहरात शेकडो माणसं मेली आणि २३ तारखेला खलाशांनी संप मागे घेतला. शेकडो जणांना नोकरीतून काढलं आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं गेलं नाही. घरी आलेल्या माणसाला पेन्शन नाही, मान नाही, वर "काढून टाकलेला" हा शिक्का. म्हणून फोटो ट्रंकेत. उजव्या बाहीवर पंख-वीज किंवा झेंडे असतील आणि नोकरी १९४६ लाच अचानक संपली असेल, तर या दिशेने शोध घ्या.

कॅसल बॅरॅक्सची ती जागा १९५१ पासून कान्होजी आंग्रे यांच्या नावाने 'आय.एन.एस. आंग्रे' आहे. लोणावळ्याचं इंजिनिअरिंग केंद्र त्याआधीच, १९४५ मध्ये, 'शिवाजी' झालं होतं. आजोबा इंजिनवाले होते आणि घरच्या आठवणीत लोणावळा आहे, तर ही जोडणी करून बघा.

१९५० नंतरच्या दशकातले फोटो तुलनेने सोपे, कारण फितीवर नाव असतं. 'दिल्ली' म्हणजे १९४८ मध्ये घेतलेली जुनी 'अकिलिस' क्रूझर, जिने १९३९ मध्ये रिव्हर प्लेटची लढाई पाहिली होती. 'म्हैसूर' १९५७ ची, पूर्वीची 'नायजेरिया'. 'विक्रांत' ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला आपली झाली. 'बेतवा' किंवा 'बियास' वाचता आलं तर त्या माणसाला १८ डिसेंबर १९६१ बद्दल विचारायला हवं होतं, कारण त्या दिवशी याच जहाजांनी मुरगावजवळ पोर्तुगीजांच्या 'अफोंसो द आल्बुकेर्क'शी तोफांची लढाई केली. तेव्हा आपल्या ताफ्याचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण, पुढच्याच वर्षी ते नौदलप्रमुख झाले.

शेवटी कागद

छातीवरच्या रंगीत फितींचा कृष्णधवल फोटोवरून अंदाज बांधू नका. प्रत्यक्ष पदक किंवा फीत घरात असेल तर बघा. केशरी-पांढरा-हिरवा असे तीन सारखे पट्टे म्हणजे १९४७ चं स्वातंत्र्य पदक. पदकाच्या कडेवर बऱ्याचदा नंबर कोरलेला असतो. तो भिंगाखाली उतरवून घ्या, नावापेक्षा नंबर मोलाचा. एकाच आडनावाची वीस माणसं निघतात, शिवाय जुन्या इंग्रजी कागदांत आपली नावं ओळखू येणार नाहीत अशी लिहिलेली असतात.

खलाशांच्या सेवेच्या आणि पेन्शनच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये असतात. अर्ज वारसाने करावा आणि सोबत नंबर, जन्मगाव, भरतीचं साधारण साल, नात्याचा पुरावा आणि फोटोची प्रत जोडावी. उत्तराला वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा, तिथे नेव्ही आणि व्यापारी बोटी दोन्हींची नावं आहेत. नावाची स्पेलिंगं बदलून बदलून शोधा.

आणि या सगळ्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ फोटो घेऊन बसा. "ते कुठल्या जहाजावर होते?" असं विचारू नका, उत्तर "माहीत नाही" येईल. "सुट्टीवर आले की काय आणायचे? पेटी कशी होती? झोपायचे कसे?" असं विचारा. माझ्या मावशीला जहाजाचं नाव आठवलं नाही, पण दादा, म्हणजे आमचे आजोबा, घरी आले की अंथरूण गुंडाळून त्याला दोरीचे फेरे मारून ठेवायचे हे आठवलं. किती फेरे, असं विचारल्यावर तिने हवेत हात फिरवून मोजले. सात.

सापडलेलं सगळं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका, पुढे उमटतं. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं लिहा. आमच्या फोटोमागे आता असं लिहिलंय: "स्टोकर, रॉयल इंडियन नेव्ही. पांढरा उन्हाळी पोशाख. डाव्या बाहीवर एक पट्टी, म्हणजे किमान तीन वर्षं नोकरी. टोपीवर जहाजाचं नाव नाही, बहुधा युद्धकाळ. जहाज शोधायचं आहे."